जिल्हा परिषदांची सामाईक सेवाव्यवस्था

महाराष्ट्राच्या त्रिस्तरीय पंचायत राज्यात तांत्रिक अधिकारी, शिक्षक व कार्यालयीन नोकरवर्ग जिल्हा पातळीवर एकत्र ठेवून त्यांच्या सेवा पंचायत समित्या व ग्रामपंचायती यांना पुरविण्याची पद्धत. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ अन्वये ती १ मे १९६२ पासून अंमलात आली.

तत्पूर्वी ग्रामीण स्थानिक कारभार विखुरलेला होता. लॉर्ड रिपन याच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे निर्माण झाली. त्यांपैकी तालुका बोर्डे १९३८ मध्ये बंद करण्यात आली. प्राथमिक शाळांचा कारभार १९४७ च्या कायद्यानुसार स्वतंत्र जिल्हा स्कूल बोर्डाकडे गेला. विदर्भात जनपद सभा होत्या, तर मराठवाड्यात हैदराबाद राज्याच्या कायद्याखालील जिल्हा मंडळे होती. १९५२ पासून सुरू झालेला समुदाय विकास कार्यक्रम शासकीय यंत्रणेमार्फत राबविला जाई. प्रत्येक संस्थेचा नोकरवर्ग, निधी व नियम वेगळे असल्याने एकाच गावातील शाळा, रस्ता व शेतीविषयक मार्गदर्शन यांसाठी निरनिराळ्या कार्यालयांकडे जावे लागे.

या रचनेत बदल करताना सेवकवर्ग कोणत्या पातळीवर ठेवावा, हा कळीचा प्रश्न होता. बलवंतराय मेहता समितीने (१९५७) गट पातळीवरील पंचायत समितीस कार्यकारी सत्ता द्यावी व जिल्हा परिषदेकडे मुख्यतः सल्ला व देखरेख ठेवावी, असे सुचविले होते. महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये नेमलेल्या वसंतराव नाईक समितीने वेगळी भूमिका घेतली. अभियंते, आरोग्याधिकारी यांसारखे तज्ञ बाळगण्याइतके क्षेत्र व साधनसामग्री जिल्ह्यापाशीच असते. म्हणून जिल्हा परिषद हीच सर्वांत समर्थ संस्था असावी, असे तिने १९६१ च्या अहवालात प्रतिपादिले. जिल्हाधिकाऱ्यास परिषदेबाहेर ठेवून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे स्वतंत्र पद निर्माण करण्याची शिफारसही स्वीकारली गेली.

त्यानुसार बृहन्मुंबई वगळता २५ जिल्ह्यांत परिषदा स्थापन झाल्या. लोकल बोर्डे, स्कूल बोर्डे व जनपद सभा यांचा नोकरवर्ग त्यांच्याकडे वर्ग झाला. त्यात प्राथमिक शिक्षकांचा भरणा सर्वाधिक होता. जिल्हा तांत्रिक सेवा व जिल्हा सेवा असे संवर्ग करण्यात आले. वरिष्ठ अधिकारी मात्र राज्य शासनाकडून येत राहिले. पंचायत समितीस स्वतःचा वेगळा सेवकवर्ग नाही. ग्रामपंचायतीचा सचिव म्हणजे ग्रामसेवकही जिल्हा परिषदेचा नोकर ठरला. लहान गावांसाठी दोन किंवा अधिक पंचायतींमध्ये मिळून एकच सचिव नेमण्याची तरतूद आहे. गावांच्या वर्गणीतून उभा राहणारा जिल्हा ग्रामविकास निधी हे याच तत्त्वाचे आर्थिक अंग होय. त्यातून पंचायतींना कर्ज मिळते.

या व्यवस्थेमुळे स्वतःच्या उत्पन्नावर एक लिपिकही ठेवू न शकणाऱ्या गावास हिशेबनीस, अभियंता व शिक्षक यांचा लाभ झाला. तथापि तिच्यात एक अंतर्विरोध राहिला. ग्रामसभेच्या निर्णयांची अंमलबजावणी ज्याच्याकडे, त्याची नेमणूक, बदली व शिस्तविषयक कारवाई गावाबाहेरून होते; सरपंच त्यास काम सांगू शकतो, परंतु त्याच्या सेवेवर त्याचे नियंत्रण नसते. एकाच सचिवाकडे अनेक गावे असल्यास प्रत्येक गावाच्या वाट्यास त्याचे थोडेच दिवस येतात.

पुढे बोंगिरवार समिती (१९७०–७१) व प्रा. पी. बी. पाटील समिती (१९८४–८६) यांनी पंचायत राज्याच्या कार्याचा आढावा घेतला. २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींना संवैधानिक स्थान मिळाले आणि चौदाव्या वित्त आयोगाचे अनुदान (२०१५–२०) थेट त्यांनाच देण्यात आले. अशा रीतीने निधी व जबाबदारी गावाकडे सरकली, सेवकवर्ग मात्र जिल्ह्याकडेच राहिला. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी हे पद निर्माण करण्याचा निर्णय घेतला. त्याने पदनाम बदलले; परंतु सेवा सामाईक ठेवून सेवकाचे उत्तरदायित्व गावाशी कसे जोडावे, हा १९६२ पासूनचा प्रश्न कायम राहिला.