दख्खनच्या पाषाणाची साक्ष आणि खंडविप्लवाचा वाद

खंडविप्लवाच्या कल्पनेस मान्यता कशी मिळाली, हे सांगताना सामान्यतः 1963 सालच्या सागरतळविषयक संशोधनापासून आरंभ केला जातो. परंतु त्यापूर्वी सात वर्षे दख्खनच्या काळ्या पाषाणाने याच वादात साक्ष दिली होती. ती पुढे खरी ठरली. तथापि त्या वेळी निर्णायक मानली गेली नाही. याची कारणे पाहणे उद्बोधक आहे.

आल्फ्रेड वेगेनर यांनी ही कल्पना 1912 मध्ये मांडली व 1915 मध्ये ग्रंथरूपाने विस्तारिली. दक्षिणेकडील भूखंडांवर व भारतात आढळणारे ग्लोसोप्टेरिस वनस्पतीचे जीवाश्म आणि प्राचीन हिमनद्यांच्या खुणा हा तिचा एक प्रमुख आधार होता. जीवाश्मांचे साम्य मात्र लुप्त भूसेतूंच्या साहाय्यानेही स्पष्ट करता येत असे. शिवाय भूखंडांना ढकलणारी म्हणून सुचविलेली बले अतिशय दुर्बळ असल्याचे हॅरल्ड जेफ्रीझ यांनी दाखवून दिले. आर्थर होम्स यांनी 1931 च्या निबंधात प्रावरणातील अभिसरण प्रवाहांचे कारण पुढे केले. पण त्यास प्रत्यक्ष पुरावा नव्हता.

नवा पुरावा पुराचुंबकत्वातून आला. लाव्हा पुरेसा थंड झाला, म्हणजे त्यातील लोहयुक्त खनिजे तत्कालीन भूचुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. त्या दिशेचा क्षितिजाशी होणारा कोन, म्हणजे नति, विषुववृत्तापाशी शून्य असून ध्रुवांकडे वाढत जातो. म्हणून नतीवरून त्या काळचे अक्षांश काढता येतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ब्लॅकेट यांच्या विभागातील क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या लाव्हांविषयीचे निष्कर्ष 1956 मध्ये प्रसिद्ध केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी डॉइच यांच्यासमवेत 1959 मध्ये या कामात भर घातली. लाव्हा गोठले तेव्हा हा प्रदेश दक्षिण गोलार्धात होता, असे त्यांवरून दिसत होते. आजच्या मापनांनुसार ते स्थान सुमारे 30 अंश दक्षिण येथे व लाव्हांचे वय सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षे येते. मुंबई आज 19 अंश उत्तरेस आहे. अर्थात उत्तरेकडील प्रवास 5,000 कि.मी.हून अधिक, म्हणजे वर्षास सरासरी सुमारे 8 सें.मी. झाला.

या साक्षीवर आक्षेप होते. भूचुंबकीय क्षेत्राची सरासरी भ्रमणाक्षाशी जुळते, हे गृहीतच होते. एकाच भूखंडाच्या मापनावरून भूखंड सरकला की ध्रुव सरकला, हे ठरत नाही. रेखांश तर या पद्धतीने मिळतच नाहीत. आणखी एक अडचण अशी की, दख्खनचे काही थर उलट दिशेने चुंबकित होते. पृथ्वीचे क्षेत्रच उलटले होते, की हा खनिजांचा अंगभूत गुण होता, याविषयी त्या काळी मतभेद होते.

पैकी ध्रुवासंबंधीचा आक्षेप निरनिराळ्या भूखंडांच्या मापनांची तुलना होताच दुर्बळ झाला. कारण त्यांवरून काढलेले ध्रुवांचे मार्ग परस्परांशी जुळेनात. उलट चुंबकनाची अडचण तर पुढे प्रमाणच बनली. हिंदी महासागरातील कार्ल्सबर्ग पर्वतरांगेच्या 1962 मधील सर्वेक्षणाच्या आधारे व्हाइन व मॅथ्यूज यांनी 1963 मध्ये असे प्रतिपादन केले की, विस्तारणाऱ्या सागरतळावर क्षेत्राच्या उलटापालटींची नोंद पट्ट्यांच्या रूपाने उमटते. त्यानंतर 1967-68 मध्ये मॅकेन्झी, पार्कर, मॉर्गन व ल पिशाँ यांनी भूपट्टांच्या गतीचे भूमितीय विवेचन केले. भूखंड सागरतळ चिरीत जात नाही. तो सागरतळासह एकाच पट्टाचा भाग म्हणून सरकतो, हे स्पष्ट झाले आणि वेगेनर यांच्या मांडणीवरील जुन्या आक्षेपाचे मूळच नाहीसे झाले.

दख्खनच्या पाषाणाने विस्थापनाचे माप दिले होते. ते विस्थापन कसे घडते, हे सांगणे त्याच्या आवाक्यातले नव्हते. 1956 च्या मापनांचे मोल त्यामुळे कमी होत नाही. सागरतळाच्या पुराव्याने ती रद्द केली नाहीत. त्यांना अर्थ दिला. खंडविप्लवाच्या इतिहासात म्हणूनच या मापनांना तळटीपेहून मोठे स्थान दिले पाहिजे.