शिसपेन्सिलीत शिसे नाही : ग्राफाइटच्या मक्तेदारीचा इतिहास

१/ आपण जिला ‘शिसपेन्सिल’ म्हणतो, तिच्यात शिशाचा कणही नसतो. असते ते ग्राफाइट, कार्बनचे एक मऊ, काळे रूप. या खनिजाने तोफा, अणुभट्ट्या आणि आता विजेच्या मोटारी यांचे भवितव्य घडवले आहे. त्याविषयी हा थ्रेड.

२/ सोळाव्या शतकात इंग्लंडच्या कंबरलंड परगण्यातील बॉरोडेल खोऱ्यात अत्यंत शुद्ध ग्राफाइट सापडले. मेंढपाळ त्याने मेंढ्यांवर खुणा करीत, अशी दंतकथा आहे. शिशासारखे दिसते म्हणून लोक त्याला ‘काळे शिसे’ म्हणू लागले. आपल्या ‘शिसपेन्सिली’चे मूळ याच गैरसमजात आहे.

३/ त्याचे मोल तोफखान्याने ओळखले. ग्राफाइट प्रखर उष्णता सोसते. तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून त्याचा लेप दिला की गोळे गुळगुळीत निघत. खाण गरजेपुरतीच उघडली जाई, म्हणजे भाव चढा राही. चोरी एवढी वाढली की १७५२ साली संसदेने खास कायदा केला. शिक्षा होती सक्तमजुरी किंवा समुद्रापार हद्दपारी!

४/ हे शिसे नव्हे, कार्बन आहे, हे स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७७९ साली दाखवले. १७८९ साली जर्मन भूशास्त्रज्ञ वेर्नर यांनी ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून त्याला ‘ग्राफाइट’ हे नाव दिले.

५/ १७९३ साली ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले. फ्रान्सला इंग्लिश ग्राफाइट मिळेना. निकोला-झाक काँते यांनी हलक्या प्रतीच्या ग्राफाइटची पूड चिकणमातीत मळून भट्टीत भाजली. १७९५ साली त्यांना पेटंट मिळाले. माती अधिक घातली की कांडी कठीण होते. आजची पेन्सिल याच पद्धतीने बनते. जी खाण फ्रान्सकडे नव्हती, तिची उणीव कृतीने भरून काढली.

६/ याउलट श्रीलंकेचे उदाहरण पाहा. एकोणिसाव्या शतकात धातू वितळवण्याच्या मुशींसाठी सिलोनच्या ग्राफाइटला मोठी मागणी आली. काही स्थानिक घराणी श्रीमंत झाली. देशाचे पहिले पंतप्रधान डी. एस. सेनानायके अशाच खाणमालकाचे पुत्र. पण कच्चा माल जहाजाने परदेशी जाई आणि मुशी तिकडच्या कारखान्यांत घडत.

७/ २ डिसेंबर १९४२. शिकागोत एन्रिको फर्मी यांच्या पथकाने ग्राफाइटच्या विटा रचून पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. त्याआधी जर्मनीत वाल्टर बोथे यांच्या मोजमापात ग्राफाइट निरुपयोगी ठरले होते. त्यातील अशुद्धी हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. जर्मनी जड पाण्याकडे वळला.

८/ आज बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्यांचा अ‍ॅनोड ग्राफाइटचा असतो. बॅटरीयोग्य ग्राफाइटच्या शुद्धीकरणात चीनचा वाटा जगात सर्वांत मोठा आहे. १ डिसेंबर २०२३ पासून चीनने काही प्रकारच्या ग्राफाइटच्या निर्यातीस परवाना सक्तीचा केला. भारताने त्याच वर्षी जाहीर केलेल्या ३० अत्यावश्यक खनिजांच्या यादीत ग्राफाइट आहे.

९/ बॉरोडेलची सत्ता खाणीत होती; आजची सत्ता शुद्धीकरणाच्या कारखान्यात आहे. ‘साठा कोणाच्या भूमीत?’ याच्या बरोबरीने ‘तो शुद्ध करण्याची विद्या कोणाच्या हाती?’ हेही विचारायला हवे. काँते यांनी त्याचे उत्तर प्रयोगशाळेत शोधले होते. सिलोनला ते शोधण्याची संधी मिळाली नाही. आपल्याला ती आज आहे.