‘द सिलेक्शन’ : हुकूमशाहीच्या छायेतील हलकीफुलकी प्रेमकथा

डिस्टोपिया म्हणजे युटोपियाच्या नेमके उलट. युटोपियात आदर्श समाजाचे स्वप्न असते, तर डिस्टोपियात बिघडलेल्या समाजाचे चित्र. सुझान कॉलिन्सच्या ‘द हंगर गेम्स’ने (२००८) हा प्रकार कुमारवयीन वाचकांत कमालीचा लोकप्रिय केला. त्यानंतर आलेल्या बहुतेक कादंबऱ्यांत बंड, रक्तपात आणि मृत्यू यांचेच राज्य होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या किएरा कॅस या अमेरिकी लेखिकेच्या ‘द सिलेक्शन’ने मात्र त्याच अंधाऱ्या पार्श्वभूमीवर रेशमी झगे, राजवाड्यातील मेजवान्या आणि खट्याळ संवाद मांडले.

कथा घडते ती इलिया या काल्पनिक देशात. महायुद्धांत अमेरिकेची संयुक्त संस्थाने लयाला गेल्यानंतर त्याच भूमीवर ही राजेशाही उभी राहिली आहे. येथील समाज आठ क्रमांकित जातींत विभागलेला आहे. पहिलीत राजघराणे, तिसरीत शिक्षक, डॉक्टर, पाचवीत कलावंत, सहावीत नोकरचाकर आणि आठवीत बेघर. व्यवसाय जन्माने ठरतो आणि विवाहानंतर स्त्रीला पतीची जात लागते. मराठी वाचकाला ही व्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

राजपुत्र मॅक्सनसाठी वधू निवडायची, तर प्रत्येक प्रांतातून एक अशा पस्तीस मुली राजवाड्यात बोलावल्या जातात आणि त्यांची स्पर्धा दूरचित्रवाणीवर दाखवली जाते. हे एक प्रकारचे उलटे स्वयंवरच! पाचव्या जातीतील गायिका अमेरिका सिंगर हिला त्यात मुळीच रस नाही. तिचे प्रेम सहाव्या जातीतील अ‍ॅस्पेनवर आहे. अर्ज भरण्याचा आग्रह त्याचाच. पुढे ती आपल्या वाट्याचे खाणे त्याच्यासाठी आणते, तेव्हा त्याचा स्वाभिमान दुखावतो आणि तो संबंध तोडतो. अनपेक्षितपणे निवड झालेली अमेरिका राजपुत्राला स्पष्टच सांगते, की आपण येथे निव्वळ जेवणासाठी राहू इच्छितो. आपल्याला मैत्रीण मानावे आणि वधू निवडण्यास आपली मदत घ्यावी.

कादंबरीचा खरा आनंद या दोघांच्या संवादांत आहे. मुलींशी कसे बोलावे हे न कळणारा राजपुत्र आणि त्याला मुळीच न घाबरणारी नायिका यांच्यात स्ट्रॉबेरी टार्ट चाखून धाकट्या बहिणीला रडू कोसळेल की नाही, यावरही पैज लागते. तिला बक्षीस हवे ते दागिन्यांचे नव्हे, पँट घालण्याच्या परवानगीचे!

मात्र हा सारा खेळ भुकेभोवती फिरतो, हे लक्षात घ्यायला हवे. उपासमार म्हणजे काय, हे मॅक्सनला ठाऊकच नसते. अमेरिकेकडून ते ऐकल्यावर तो गरिबांसाठी अन्नसाहाय्याची योजना जाहीर करतो. येथे प्रेम फुलते ते चांदण्यापेक्षा अशा प्रसंगांतून. म्हणूनच हलकेपणा हा या कादंबरीचा दोष ठरत नाही. जातीचा अन्याय भाषणांतून न येता जेवणाच्या ताटातून येतो आणि तरुण वाचकाला तो सहज उमगतो.

उणिवा आहेतच. इलियाचा इतिहास घाईघाईत उरकला आहे, वारंवार हल्ले करणाऱ्या बंडखोरांचे हेतू पहिल्या भागात धूसर राहतात आणि शेवटी सहा मुली उरलेल्या असताना कथा मध्येच थांबते. त्यामुळे ‘द एलिट’ (२०१३) व ‘द वन’ (२०१४) वाचण्यावाचून गत्यंतर नाही. ‘द एलिट’मध्ये अमेरिका थेट जातिव्यवस्था मोडीत काढण्याचा प्रस्ताव मांडते. ‘द हेअर’ (२०१५) आणि ‘द क्राउन’मध्ये (२०१६) पुढच्या पिढीची राजकन्या पस्तीस तरुणांतून वर निवडायला बसते.

विश्रांतीसाठी हाती घ्यावी आणि एका बैठकीत संपवावी, अशी ही कादंबरी आहे. मिटल्यावर झग्यांचे रंग विसरले जातात. प्रियकरासाठी आपल्या ताटातला घास वाचवणारी मुलगी मात्र आठवत राहते.