निकालाआधींचा बोलपट

२५ सप्टेंबर १९६७ रोजीं इटलींतील मिलान शहरांत एका बँकेवर दरोडा पडला. दरोडेखोर तुरीनकडचे, म्होरक्या पिएत्रो काव्हालेरो. पोलीस पाठीस लागतांच भर रहदारींतून मोटार पिटाळीत या टोळीनें गोळीबार केला, आणि ज्यांचा या प्रकरणाशीं सुतराम् संबंध नव्हता असे वाटसरू प्राणांस मुकले. काव्हालेरो व त्याचा साथी सांते नोतार्निकोला हे आठवड्यानंतर सांपडले.

पुढचें काम न्यायासनाचें. परंतु त्याच्या आधीं बोलपट आला! निर्माते दीनो दे लाउरेंतीस व दिग्दर्शक कार्लो लिझ्झानी यांनीं मार्च १९६८ मध्यें, म्हणजे घटनेस सहा महिने होतात न होतात तोंच, 'बांदिती आ मिलानो' हें चित्र पडद्यावर आणलें. म्होरक्याचें आडनांवही तेंच ठेविलें.

लिझ्झानी हा सवंग चित्रें काढणारा गृहस्थ नव्हे, हें श्रोत्यांनीं लक्षांत घ्यावें. युद्धोत्तर इटलीच्या वास्तववादी संप्रदायांत तो वाढला. भातशेतींत राबणाऱ्या मजूर स्त्रियांवरील 'रिझो आमारो' (१९४९) या चित्राच्या लेखनांत त्याचा हात होता. येथेंही त्याची रीत वृत्तपटाची आहे: मिलानचे खरे रस्ते, पोलीस अधिकाऱ्याचें निवेदन, खंडणी व जुगार यांची माहिती. मधोमध ज्यान मारिया व्होलोन्ते या नटानें रंगविलेला काव्हालेरो, स्वतःच्या वक्तृत्वावर लुब्ध असा बढाईखोर. हें काम खरोखर पाहण्यासारखें आहे.

लिझ्झानीस दिग्दर्शनाचें 'दाव्हिद दी दोनातेल्लो' पारितोषिक मिळालें. कानच्या महोत्सवांतही चित्राची निवड झाली होती. पण मे १९६८ मधील फ्रान्सच्या उठावामुळें तो महोत्सवच अर्ध्यावर बंद पडला. पुढें १९७० नंतर इटलींत पोलीसपटांची जी लाट आली, तिनें यांतील मोटारींचा पाठलाग तेवढा उचलला, चौकशी मागें टाकली.

माझा आक्षेप निराळा आहे. गुन्हा कोणीं केला याविषयीं वाद नव्हता. वाद होता तो हेतूविषयीं. काव्हालेरो पूर्वी कम्युनिस्ट पक्षांत होता, आणि आपल्या कृत्यांस तो राजकीय अर्थ देई. तो अर्थ पोकळ असेलही; परंतु तें ठरविण्याची घाई चित्रानें केली. जुलै १९६८ मध्यें जन्मठेप सुनावली गेली, तेव्हां आरोपी उभे राहून कामगारांचें बंडाचें गाणें गाऊं लागले. हा प्रसंग चित्रांत असणें शक्यच नव्हतें. नोतार्निकोलानें तर तुरुंगांतून आपली हकीकत स्वतःच लिहिली. तें पुस्तक १९७२ मध्यें प्रसिद्ध झालें.