दीड माणसाचं गणित

परवा शनिवारी एक जुना कोड वाचत बसलो होतो. त्यात कुणीतरी कधीकाळी एक आकडा टाकून ठेवलेला. का, ते आता कुणालाच माहीत नाही, आणि बदलायची हिंमतही कुणात नाही. त्यावरून अमेरिकेतला एक कायदा आठवला. त्यातही असाच एक आकडा पन्नास वर्षं ठाण मांडून बसलाय : दीड.

निक्सनने ३० ऑक्टोबर १९७२ ला सही केली आणि जानेवारी १९७४ पासून 'सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम' सुरू झालं. गाठीला फारसं काही नसलेल्या वृद्ध, अंध आणि अपंग लोकांना केंद्र सरकारकडून दरमहा मदत. (स्वतःच्या पगारातून कर भरून मिळवलेलं अपंगत्वाचं पेन्शन वेगळं. तुम्ही जोडीदाराबरोबर राहता की नाही, यावर ते ठरत नाही.)

सुरुवातीला एकट्याला १४० डॉलर आणि दोघंही पात्र असलेल्या नवराबायकोला मिळून २१०. तर्क सरळ आहे, एक घर, एक चूल, एक भाडं. २०२५ मध्ये हेच आकडे ९६७ आणि १,४५० होते. दुसरं उत्पन्न नसलेली जोडी वेगळी राहिली तर दोघांचे मिळून १,९३४. म्हणजे एकत्र राहण्याची किंमत महिन्याला ४८४ डॉलर! जोडीदार धडधाकट आणि कमावता असेल तर त्याच्या पगाराचा काही भाग अपंग व्यक्तीचाच धरला जातो, आणि मदत कमी होते किंवा बंदच होते.

मग पैशासाठी लोक वेगळं होण्याचं नाटक करतील, ही शंका आलीच. म्हणून मूळ कायद्यात एक टायमर होता. पात्र जोडपं वेगळं झालं तरी सहा महिने ते जोडपंच समजायचं. आता हिशेब करा. १९७४ मध्ये मारहाणीला कंटाळून एखादी अपंग बाई घराबाहेर पडली, तर तिच्या हाती २१० चे निम्मे, म्हणजे १०५ डॉलर. भाडं मात्र अख्खं. शंका नाटक करणाऱ्यांची, भुर्दंड हिला.

ही अट १९९० मध्ये गेली. आता वेगळं झाल्याच्या पुढच्या महिन्यापासून दोघांना स्वतंत्र धरतात. पण वेगळं म्हणजे खरंच वेगळ्या घरात. इतकंच काय, लग्न न करता एकत्र राहणारे दोघं चारचौघांत नवराबायको म्हणून वावरत असतील, तर कायद्याच्या लेखी ते नवराबायकोच. मग पत्रांवर नाव काय येतं, भाडेकरारावर कोण आहे, अशी चौकशी होते.

शिल्लक ठेवायची मर्यादा तर १९८९ पासून हललेली नाही. एकट्याला २,००० डॉलर, जोडप्याला ३,०००. इथेही दीडच!

घर एक असलं की भाडं वाचतं, हे खरंच. पण व्हीलचेअर दोघांना दोन लागतात, औषधंही दोघांची वेगळी. दीड व्हीलचेअर कुठे मिळते?