खिडकी नसलेली मठी

रविवारी पहाटे टेकडीवर चटई टाकताना वाटायचं, जुने योगी असेच उघड्यावर बसत असणार. मग स्वात्मारामाची पंधराव्या शतकातली 'हठप्रदीपिका' वाचली. त्यात योग्याला एकांतातली मठी सांगितली आहे : दार लहान, खिडकी नाही, जमीन शेणाने सारवलेली, किडामुंगी नको. (आमच्या टेकडीवर मुंग्यांचंच राज्य!) त्याहून कितीतरी जुनं श्वेताश्वतर उपनिषद सपाट, स्वच्छ जागा आणि पाण्याचा आवाज चालवून घेतं, पण वाऱ्यापासून आडोसा त्यालाही हवाच. मैदानावरची सामूहिक आसनं अलीकडची. २१ जून २०१५ला दिल्लीच्या राजपथावर ३५,९८५ माणसं जमली. स्वात्माराम चक्रावला असता. टेकडी मी सोडलेली नाही. प्राणायामाला मात्र हल्ली देवळाच्या भिंतीआड सरकतो.