घड्याळ कधी सुरू झालं?

९ जुलै २०२४, मंगळवार. इंग्लंडमधल्या एका शहरात, जीपीच्या खोलीत, मी उजव्या पायाचा मोजा काढून बसले होते. जीपी म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर. त्याच्या चिठ्ठीशिवाय सरकारी हॉस्पिटलातला स्पेशालिस्ट सहसा भेटत नाही. माझ्या तळपायावर, टाचेच्या जरा पुढे, मसुरीच्या डाळीएवढा काळपट डाग होता. डॉक्टरीणबाईंनी तो पाहिला, फोटो काढला आणि विचारलं, "कधीपासून आहे?"

"झाले थोडे दिवस," मी म्हटलं.

त्यांनी काहीतरी टाइप केलं आणि शांतपणे सांगितलं, "बहुतेक काही नसेल. पण तुम्हाला टू-वीक-वेटवर टाकते. दोन आठवड्यांत त्वचारोगतज्ज्ञ बघतील."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. अमुक तिकीट अमुक तासांत सुटलं पाहिजे, हा हिशेब ऑफिसात रोजचाच. त्यामुळे 'दोन आठवडे' ऐकल्यावर कॅन्सर या शब्दाआधी माझ्या डोक्यात आलं: कधीपासून मोजून? घरी येऊन शोधलं, तर कळलं की दोन आठवड्यांचं हे टार्गेट इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२३ लाच रद्द झालंय. डॉक्टरांच्या तोंडातून मात्र गेलेलं नाही. व्हीटीचं सीएसएमटी झालं तरी आपण व्हीटीच म्हणतो, तसं.

त्या रात्री झोप येणार नव्हतीच. मी वाचत बसले, आणि पुढचे बरेच दिवस वाचतच राहिले.

पहिल्याच दिवशी ठेवलेलं बाजूचं दार

५ जुलै १९४८ ला ब्रिटनची नॅशनल हेल्थ सर्व्हिस, म्हणजे एनएचएस, सुरू झाली. आरोग्यमंत्री होते अन्यूरिन बेव्हन, वेल्समधल्या खाणकामगाराचे चिरंजीव आणि स्वतःही पोरवयात खाणीत उतरलेले. उपचार गरजेप्रमाणे मिळावेत आणि उपचाराच्या वेळी खिशात हात घालावा लागू नये, ही मूळ कल्पना.

पण हॉस्पिटलांतले बडे डॉक्टर सहजासहजी तयार नव्हते. त्यांना सोबत घ्यायला बेव्हननी तडजोड केली. कन्सल्टंटना सरकारी नोकरी करून खाजगी प्रॅक्टिस चालू ठेवता येईल, आणि सरकारी हॉस्पिटलांतच काही 'पे बेड', म्हणजे पैसे भरणाऱ्यांच्या खाटा राहतील. विमा देणारी बूपा ही संस्था आदल्याच वर्षी, १९४७ मध्ये स्थापन झाली होती. म्हणजे सगळ्यांसाठी मोठं दार उघडलं त्याच दिवशी बाजूचं छोटं दारही शाबूत राहिलं. आत डॉक्टर तोच.

माल कमी आणि गिऱ्हाईक जास्त असलं की दुकानात दोनच गोष्टी होतात. भाव वाढतो, नाहीतर रांग लागते. भाव शून्यावर बांधलेला होता, म्हणून रांग लागली. अगदी सुरुवातीच्या काळातच हॉस्पिटलात भरती होण्यासाठी थांबलेल्यांचा आकडा पाच लाखांच्या आसपास होता. १९५१ मध्ये कवळी आणि चष्म्यासाठी पैसे घ्यायचं ठरलं, तेव्हा बेव्हननी मंत्रिपद सोडलं. रांगेसाठी मात्र कुणी राजीनामा दिला नाही. रांग ही हवेसारखी गृहीत धरली गेली.

कुणाचा वेळ महाग?

रांगेचं गणित माझ्या धंद्यातलं आहे. त्याची सुरुवात टेलिफोनपासून झाली. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांगने १९०९ मध्ये त्यावर पहिला पेपर लिहिला. आज आपला सर्व्हर किती लोड झेलेल याचे अंदाज बांधताना आम्ही त्याच्याच वाटेने जातो.

हे गणित दवाखान्यात आणलं नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञाने. १९५२ मध्ये त्याने एनएचएसच्या ओपीडीतल्या रांगांवर अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा बऱ्याच ठिकाणी रुग्णांना सरसकट एकाच वेळी बोलवायचे. डॉक्टरला एक मिनिटही रिकामं बसावं लागू नये, म्हणून दालन भरून माणसं बसवून ठेवायची. बेलीचा तोडगा साधा होता: सुरुवातीला दोघांना बोलवा, मग सरासरी तपासणीला लागतो तेवढ्या अंतराने एकेकाला. डॉक्टर अधूनमधून थोडा रिकामा बसेल, पण रुग्णांचं थांबणं कितीतरी घटेल. प्रश्न गणिताचा नव्हताच. कुणाचा वेळ किती महाग धरायचा, याचा होता.

रांगेचं सगळ्यात साधं मॉडेल घ्या: एक डॉक्टर, आणि केव्हाही येणारे रुग्ण. डॉक्टरचा ५० टक्के वेळ भरलेला असेल, तर सरासरी थांबणं एका तपासणीएवढं. ८० टक्के भरला की ४ तपासण्यांएवढं. ९० टक्क्यांना ९. आणि ९५ टक्क्यांना १९! म्हणजे डॉक्टरच्या वेळेचा शेवटचा थेंबही वापरायचा म्हटलं की रांग फुगत नाही, फुटते. पैसे वाचवायला यंत्रणा काठोकाठ भरून चालवणाऱ्या कुठल्याही अर्थमंत्र्याला हे कोष्टक भिंतीवर लावून द्यायला हवं.

बाजूच्या दारावरून पुढे भांडणंही झाली. १९७४ मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलातल्या कामगारांनी पे बेडविरुद्ध संप केला. मजूर पक्षाच्या बार्बरा कॅसल यांनी या खाटा सरकारी हॉस्पिटलांतून हद्दपार करायचं मनावर घेतलं. १९७६ मध्ये तसा कायदा झाला, १९८० मध्ये थॅचर सरकारने तो फिरवला. तोवर खाजगी हॉस्पिटलांच्या स्वतंत्र इमारती वाढू लागल्या होत्या. दार बंद करायला गेले, तर शेजारी दुसरं घरच उभं राहिलं.

दिवस आणि मिलिमीटर

१९९१ च्या 'पेशंट्स चार्टर'मध्ये सरकारने पहिल्यांदा रांगेवर जाहीर आकडा टाकला: भरतीसाठी दोन वर्षांपेक्षा जास्त थांबावं लागणार नाही. दोन वर्षं! गुडघ्यासाठी हे कसंबसं चालेल. कॅन्सरला कसं चालावं?

तळपायाच्या प्रकरणानंतर मी लंडनला हंटेरियन म्युझियम बघायला गेले. जॉन हंटर या सर्जनने १७८७ मध्ये ३५ वर्षांच्या एका माणसाच्या जबड्याजवळची गाठ कापून काढली आणि बरणीत जपून ठेवली. ती काय होती हे त्याला कळलं नव्हतं. मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरचा सगळ्यात घातक प्रकार, हे निदान पक्कं झालं १९६८ मध्ये. निदानासाठी १८१ वर्षांचं वेटिंग.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७० मध्ये, अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने दाखवून दिलं की मेलॅनोमात माणूस वाचणार की नाही हे मुख्यतः गाठीच्या जाडीवर ठरतं. मिलिमीटरमध्ये मोजायची जाडी. १ मिलिमीटरच्या आत सापडला, तर बहुतेक जण कापून, टाके घालून घरी जातात. खोल गेला की गोष्ट बदलते. या आजारात थांबण्याचा अर्थ इतका उघडा आहे: बाहेर दिवस मोजले जातात आणि आत मिलिमीटर.

नव्वदच्या दशकात युरोपातल्या देशांची तुलना झाली, तेव्हा कॅन्सरनंतर जगण्याच्या प्रमाणात ब्रिटन बऱ्याच शेजाऱ्यांच्या मागे दिसला. १९९५ च्या कॅलमन-हाइन अहवालाने कॅन्सर सेवेची नव्याने रचना सुचवली. मग डिसेंबर १९९७ मध्ये टोनी ब्लेअर सरकारच्या श्वेतपत्रिकेत ते वचन आलं: जीपीला कॅन्सरचा संशय आला, की दोन आठवड्यांत स्पेशालिस्ट. स्तनाच्या कॅन्सरसाठी एप्रिल १९९९ पासून, बाकी सगळ्यांसाठी २००० पासून. पुढे रेफरलपासून उपचारापर्यंत ६२ दिवस हेही टार्गेट आलं.

आमच्या भाषेत ही 'प्रायॉरिटी क्यू'. काहींना पुढे काढायचं. तिचा उपयोग निश्चित झाला. महिनोन्‌महिने लोंबकळणारी माणसं पंधरा दिवसांत डॉक्टरसमोर बसू लागली. पण प्रायॉरिटी क्यूचा एक जुना आजारही आहे, 'स्टार्व्हेशन'. पुढची रांग भरत राहिली, की मागची उपाशी मरते. जीपींनी सावधपणे जास्त लोक पाठवायला सुरुवात केली, आणि त्वचा हा तर या तातडीच्या रांगेतला सगळ्यात मोठ्या गटांपैकी एक. पाठवलेल्या १०० जणांपैकी ९० हून अधिक जणांना कॅन्सर नसतोच. २००७ मध्ये ब्रिस्टलच्या एका ब्रेस्ट क्लिनिकचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की कॅन्सर निघालेल्या बऱ्याच बायका साध्या रांगेत होत्या, आणि त्यांचं थांबणं वाढलं होतं.

दुसरी गोची मापातच होती. घड्याळ थांबायचं ते पहिल्या भेटीला. स्पेशालिस्टचा चेहरा दिसला की हॉस्पिटलच्या खात्यात हिरवी टिक. नंतर बायोप्सी कधी, तिचा रिपोर्ट कधी, हे त्या आकड्यात नव्हतंच. जीपीच्या दवाखान्यातच भिंगातून फोटो काढून तज्ज्ञाला पाठवणं ही पद्धत त्वचेसाठी झटपट आहे, पण तिची गाठ 'भेट' मोजणाऱ्या टार्गेटशी नीट बसेना. शेवटी २०२३ मध्ये दोन आठवडे गेले आणि २८ दिवस राहिले: रेफरलपासून २८ दिवसांत 'आहे' किंवा 'नाही' हे सांगायचं. भेट मोजणं सोडून उत्तर मोजणं सुरू झालं. बग सापडून दुरुस्त व्हायला २३ वर्षं लागली. पण झाला.

मी विकत घेतलेले नऊ दिवस

त्याच मंगळवारी संध्याकाळी मला आठवलं की ऑफिसचा हेल्थ इन्शुरन्स आहे. फोन केला. शनिवारची वेळ मिळाली. बुधवारी एनएचएसचा मेसेज आला: २२ जुलै, सोमवार. म्हणजे खाजगीत चौथा दिवस, सरकारीत तेरावा. दोन्हीकडे डॉक्टरांचं नाव एकच होतं.

मी शनिवारी गेले. खोटं कशाला बोलू, एकदाही विचार केला नाही. तिथे मऊ सोफा होता, कॉफीचं मशीन होतं. डॉक्टरांनी डर्मोस्कोप, म्हणजे दिवा असलेलं भिंग, तळपायाला लावलं. तळपायाला बोटांच्या ठशांसारख्या रेघा असतात. तिळाचा रंग रेघांच्या खाचांत साचला असेल तर सहसा साधा तीळ. उंचवट्यांवर असेल तर काळजी. माझा खाचांत होता. सहा मिनिटांत मी मोकळी झाले.

बाहेर येऊन सोमवारची अपॉइंटमेंट रद्द केली, म्हणजे ती कुणाला तरी मिळाली असेल. पण ज्या डॉक्टरचा शनिवार माझ्यासाठी विकला गेला, तो एकच माणूस आहे, आणि अशांची तिथे चणचण आहे. ९५ टक्क्यांचं ते कोष्टक माहीत असून मी बाजूच्या दाराने गेले. शिवाय माझ्याकडे निदान दोन दारं होती. खाजगीत थांबण्याचं कुठलंही राष्ट्रीय टार्गेट नाही, कुणी जाहीर मोजतही नाही; मोजायची गरज पडते ती दुसरं दार नसलेल्यांना.

आई फोनवर म्हणाली, "एवढ्यासाठी चार दिवस? इथं असतीस तर संध्याकाळी राजारामपुरीत दाखवून आलो असतो." कोल्हापूरपुरतं तिचं खरं आहे. परळला टाटा हॉस्पिटलबाहेर फूटपाथवर पथारी टाकलेली माणसं तिने पाहिली आहेत, मीही पाहिली आहेत. त्यांचं घड्याळ गावाकडच्या कुठल्या दवाखान्यात सुरू व्हायला हवं होतं, हे कुणी विचारत नाही.

लॉगमध्ये नसलेली नोंद

"कधीपासून आहे?" या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्या फोनमध्ये होतं. मी आईला डागाचा पहिला फोटो पाठवला होता ११ फेब्रुवारीला. तिचं उत्तर: 'कुरूप असेल. कॉर्न कॅप लाव.' मी लावली. मग रिलीज होतं, मग गुढीपाडव्याला घरी गेले, मग परत रिलीज. ११ फेब्रुवारी ते ९ जुलै: १४९ दिवस.

इन्शुरन्सच्या पैशाने मी ९ दिवस वाचवले. त्याआधी १४९ फुकट घालवले होते. १९९७ पासूनच्या सगळ्या वचनांत घड्याळ रेफरलनंतर सुरू होतं. त्याआधीचा काळ कुठल्याच लॉगमध्ये नाही.

आणि तो काळ आपल्यासारख्या सावळ्या लोकांच्या बाबतीत जास्त लांबतो. आपल्यात मेलॅनोमा गोऱ्यांपेक्षा खूप कमी, हे खरं. पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली होतो, जिथे कुणी बघत नाही, आणि त्यामुळे उशिरा सापडतो. बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्याला तो होता. १९७७ मध्ये निदान झालं, आधी फुटबॉलची जखमच समजली गेली होती. १९८१ मध्ये तो गेला, ३६ वर्षांचा होता. 'त्वचेचा कॅन्सर हा गोऱ्यांचा, उन्हात पडून राहणाऱ्यांचा आजार' असं मीही मानत होते. म्हणून तर कॉर्न कॅप.

जीपीच्या खोलीत मी "झाले थोडे दिवस" म्हटलं, ते तिच्या रेकॉर्डमध्ये तसंच गेलं असणार. हिशेब बिघडवणारी नोंद मीच चुकीची भरली होती.

त्या शनिवारी रात्री आईला व्हिडिओ कॉल केला. म्हटलं, "आई, चप्पल काढ. तळपाय कॅमेऱ्यासमोर धर."

"काहीतरीच तुझं," ती म्हणाली. पण धरला.